हरबाच्या भिंतीवरचा बर्फ

हरबा गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुकानात एका गॅसबत्तीला नवी जाळी बांधत होतो. मिठाची गाडी घेऊन पेणच्या बाजारात आलेल्या आमच्या गावच्या माणसानं बैल उभे केले, डोक्याचं फडकं काढलं आणि पायरीवरूनच म्हणाला, "बाळूशेठ, पेंटर गेला. पहाटचं." मी जाळी हातात तशीच धरून त्याला विचारलं, "कोण पेंटर?" जसे काही आमच्या पंचक्रोशीत दहा पेंटर होते! नको ती बातमी आली की माणूस उगीच चौकशा करत बसतो, दुसरं काय. मग मी दुकानाच्या फळ्या लावल्या, पायात वहाणा अडकवल्या आणि खाडीच्या वाटेला लागलो. जाळी कुठे ठेवली ते आजतागायत सापडलेलं नाही.

त्याला आता महिना होऊन गेला. संपादकांचा निरोप आला की पुरवणीसाठी तुमच्या मित्राबद्दल चार शब्द लिहा, पण थोडक्यात लिहा. थोडक्यात बोलणारा माणूस खाडीकाठी जन्माला येत नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. आणि हरबा म्हात्रे हा काही थोडक्यात सांगायचा माणूसच नव्हे. आवाज असा की अलीकडच्या बांधावरून बोलला तर पलीकडच्या बांधावरचा बगळा उडावा. दुकानांच्या पाट्या, लग्नघरांच्या भिंतींवरचे मोर, देवळातले द्वारपाल आणि आमच्या नाटकमंडळींचे पडदे, हे सगळं हरबाचं. नम्रपणा म्हणून जी काही वस्तू असते ती त्याच्या वाटणीला आलीच नव्हती. एकदा त्यानं राजवाड्याचा पडदा रंगवला आणि कोपऱ्यात 'हरी पेंटर' अशी सही एवढी मोठी केली की समोर उभा राहणारा राजा त्या सहीवर पाय पडू नये म्हणून सारखा डावीकडे सरकत होता. मी म्हटलं, "अरे, सही आहे का पाटी?" तर म्हणतो, "राजे काय, छप्पन्न येतील. पेंटर एकच हाय." आणि रागावावं म्हटलं तर रागावता येत नसे, कारण ते खरंच होतं.

मी बत्तीवाला. जत्रा, लग्नं, नाटकं यांना गॅसच्या बत्त्या भाड्यानं द्यायचा माझा धंदा. नाटकात पडदा हरबाचा आणि उजेड माझा, त्यामुळे आमची दोस्ती ही निम्मी भांडणातच गेली. नाटक संपलं की लोक नटांभोवती गोळा व्हायचे आणि आम्ही दोघं मागच्या बाजूला एकमेकांच्या अंगावर धावून जायचो. "बाळ्या, तुझ्या बत्तीनं माझा हिरवा रंग खाल्ला!" "खाल्ला तर खाल्ला, तुझा रंगच मुळात अर्धपोटी!" असं चालायचं. पण एक गोष्ट मी तेव्हाही मान्य करत होतो आणि आज तर छापून मान्य करतो. वस्तूकडे बघावं कसं, हे मला हरबानं शिकवलं. तो उजव्या हाताची मूठ पोकळ करायचा, डोळ्याला लावायचा आणि त्या भोकातून बघायचा. आजूबाजूचं सगळं झाकलं की राहिलेल्या तेवढ्या तुकड्याचा रंग खरा कळतो, असं त्याचं म्हणणं. माणसं, म्हशी, ताटातला भात, काही म्हणून सोडत नसे. लग्न ठरवायला मुलगी पाहायला गेला तिथंही त्यानं मूठ डोळ्याला लावली होती म्हणतात. सुंदरवहिनी म्हणजे त्याची बायको. त्या अजून ती गोष्ट सांगतात आणि पदर तोंडाला लावून हसतात.

आता बर्फाचं सांगतो. हरबाचा थोरला भाऊ गणपत पहिल्या मोठ्या लढाईत पलटणीतून साता समुद्रापलीकडे गेला तो परत आला नाही. सरकारी कागद आला, शाळेच्या मास्तरांनी तो अंगणात वाचून दाखवला. तिकडच्या थंड मुलखात गणपत पडला, आणि तिथंच बर्फात त्याला मूठमाती दिली, एवढंच त्यात होतं. हरबाची आई, आम्ही तिला काकी म्हणत असू, शांतपणे ऐकत होती. मास्तर थांबल्यावर तिनं एकच विचारलं, "बरफ म्हंजे काय वं?" आता आमच्या गावात बर्फ बघितलाय कुणी? मास्तर म्हणाले, पाणी थंडीनं गोठतं, पांढरं होतं, सगळीकडे पसरतं. "गार असतो?" "फार गार." ... त्या वर्षी माघात थंडी पडली आणि काकीनं अंगावर घोंगडं घ्यायचं सोडलं. भुईवर नुसत्या लुगड्यावर निजायची. "माझा पोर उघडा पडलाय गारठ्यात, मला कशाला हवी ऊब?" असं म्हणायची. खोकून खोकून जीव अर्धा व्हायचा, पण घोंगडं अंगावर टाकलं की ती झोपेतही बाजूला सारायची. सुंदरवहिनी रडल्या, गावच्या म्हाताऱ्या समजावून गेल्या. असे किती माघ गेले. अखेर एकदा हरबानं तिच्यापुढे हात जोडले, तेव्हा ती म्हणाली, "त्याला कसल्यात ठेवलाय ते मला एकदा दाव. मग घेईन मी पांघरूण."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हरबा पेंटर होता. तो म्हणाला, "दावतो."

योगायोग असा की त्याच सुमारास आमच्या मंडळींनी पार्वतीच्या तपश्चर्येचं नाटक घेतलं होतं, आणि त्याला हिमालयाचा पडदा हवाच होता. हरबानं मांजरपाटाचे पट शिवून घेतले, खळ चढवली, सफेदा कालवला आणि देवळामागच्या अंगणात लख्ख उन्हात हिमालय उभा केला. बर्फ त्यानं पाहिलेला नव्हता, पण पांढऱ्या वस्तूंची आमच्याकडे वाण थोडीच आहे? समोर मिठागरं पसरलेली. हंगामात बांधाबांधावर मिठाच्या राशी उभ्या असतात, टोकदार, शुभ्र. त्यानं त्या डोळ्यांसमोर ठेवल्या आणि डोंगरामागे डोंगर रंगवत गेला. गावच्या जत्रेत पडदा उघडला. समोर सगळी मिठागरात राबणारी माणसं. माझ्या चार बत्त्या समोरून फाडफाड पेटलेल्या. तोच मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, या तर आपल्या राशी! पार्वती मीठ इकाया बसलीय!" झालं. हसण्याचा असा डोंब उसळला की पार्वती झालेला आमचा सदा तप करता करता स्वतःच हसत सुटला. "काय भाव गं बाय?" असं एकानं विचारलं, आणि शंकर आला तर त्याला लोक म्हणाले, "मुकादम आला, मुकादम आला!" प्रयोग आटोपता घ्यावा लागला. हरबाच्या जागी मी असतो तर आठ दिवस तोंड दाखवलं नसतं. तो मात्र प्रेक्षकांत आला, उभा राहिला, मूठ डोळ्याला लावून आपल्याच पडद्याकडे बघत राहिला. मला म्हणाला, "लोकांचं काय चुकलं नाही, बाळ्या. राशीच आहेत."

काकी त्या दिवशी खोकल्यानं घरीच होती, तिनं तो फजितीचा पडदा पाहिला नाही, ही देवाचीच दया.

बर्फ प्रत्यक्ष पाहिलेला एकच माणूस आम्हाला ठाऊक होता, रहिमानचाचा. मूळ बोर्ली पंचतनचे. आयुष्य आगबोटीवर खलाशी म्हणून काढलेलं, म्हातारपणी पेणला लेकीकडे येऊन राहिलेले. आम्ही तो पडदा गुंडाळून गाडीत घातला आणि त्यांच्या ओटीवर नेऊन उलगडला. चाचांनी दाढीवरून हात फिरवला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. "हरबा, हा बरफ नाय. हा चुना हाय. तुझ्या शंकराला चुन्याच्या भट्टीत बसवलंस तू." हरबा म्हणाला, "मग बर्फ कसा असतो ते सांगा." चाचांनी चष्मा पुन्हा काढला आणि डोळे मिटले. मग हळूहळू आठवून आठवून सांगायला लागले, "बरफ पांढरा नसतो रे बाबा. सकाळी सूर्य यायच्या आधी राखेसारखा. मग सूर्य आला का गुलाबी, अगदी लहान पोराच्या तळव्यासारखा. दुपारी डोले फोडतो, बघवत नाय. आणि सावली पडते ना त्याच्यावर, ती निळी. काळी नाय, निळी. रातच्याला बंदरावरचा दिवा लागला का दिव्याजवळचा बरफ पिवळा आणि जरा लांबचा निळा. आणि आवाज नाय. बरफ पडला का दुनिया मुकी होते." एवढं बोलून ते थांबले आणि म्हणाले, "भाईसाठी करतोस ना? मग नीट कर."

त्यानंतरचे ते महिने! हरबाचे पाय पाटीच्या कामाला वळेनात. भल्या सकाळी मिठागराच्या बांधावर जाऊन बसायचा, संध्याकाळी पुन्हा. मला ओढून न्यायचा. मी कुरकुरत जायचो. मीठच बघायचं तर घरच्या बरणीत नाही का, असं म्हणायचो. पण खरं सांगतो, एकदा त्यानं माझी मूठ धरून माझ्याच डोळ्याला लावली, "बघ, आता राशीच्या पोटाकडे बघ," म्हणाला, आणि मी जन्मापासून रोज बघितलेलं मीठ पहिल्यांदा पाहिलं. सूर्य खाडीपलीकडे टेकला होता. राशीची एक बाजू पिकल्या हापूससारखी, आणि दुसरी, सावलीतली, निळी. चक्क निळी! मी मूठ काढली तर रास पुन्हा पांढरी. मूठ लावली तर निळी. हरबा मांडीवर थाप मारून हसला, "आयला, बत्तीवाल्याला उजेड पडला!" चाचा म्हणाले ते सगळं तिथं होतं. पहाटेची राख, उन्हाचा डोळे फोडणारा भपका, गुलाबी कडा. आमच्याच मिठावर होतं, आणि आम्ही त्याला पांढरं म्हणून मोकळे झालो होतो. मिठागरातल्या बायका टोपल्या घेऊन जाता जाता आम्हाला विचारायच्या, "काय पेंटर, मीठ मोजताय का दृष्ट काढताय?" तो म्हणायचा, "दृष्ट लावतोय."

पण उन्हातला रंग वेगळा आणि बत्तीतला वेगळा, हे दुखणं होतंच. पहिल्या पडद्याचं निम्मं वाटोळं माझ्या बत्त्यांनी केलं होतं. समोरून उजेड फेकला की सावली मरते, आणि सावली मेली की बर्फाचा चुना होतो. अंगणात बघून जमवलेली निळी छटा बत्तीसमोर नेली की हिरवट व्हायची, कंदिलासमोर नेली की मळकी. आणि पिवळ्याचं तर उलटंच, दिवसा पिवळा दिसणारा रंगाचा हात बत्तीत पांढरा होऊन बसे. हरबानं ठरवलं की ज्या उजेडात लोक बघणार त्याच उजेडात रंगवायचं. पावसाळा सरल्यावर गावातलं भाताचं रिकामं कोठार मागून घेतलं, दारं-खिडक्या गोणपाटानं बंद केल्या आणि भर दुपारी आत माझी बत्ती लावून तो नवा पडदा रंगवायला बसला. आश्विनातलं ऊन वरून, बत्तीची धग आतून. कमरेला पंचा, अंगावर घामाचे ओघळ, आणि हातात बर्फ! सुंदरवहिनी ताक घेऊन आल्या की दारातूनच म्हणायच्या, "हिमालयावरच्या माणसांना ताक चालतं का?" सरसाच्या गोंदात कालवलेल्या सफेद्यात तो धोब्याकडची नीळ टाकायचा, किंचित, पुन्हा किंचित. ब्रश मारायचा, मागे सरायचा, मूठ लावायचा, आणि ओरडायचा, "बत्ती डावीकडे घे! खाली! अजून खाली!" माझे हात मोडून आले. पण त्याच कोठारात मला माझा धंदा कळला. बत्ती समोर नसते ठेवायची, बाजूला ठेवायची, तिरकी. मी आजही जत्रेत बत्ती टांगताना आधी सावली कुठे पडेल ते बघतो. पोरं हसतात मला.

तिकडे काकीचे डोळे चालले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हरबाला घाई झाली ती त्याची. थंडी तोंडावर आली होती, काकी पुन्हा उघडीच निजायला लागली होती, आणि आता तर दिसायचंही कमी. "हा माघ गेला तर पुढच्याला ती नसेल," एवढंच एकदा बोलला माझ्याजवळ. आणि लगेच ब्रश निळीत बुडवून पुन्हा बत्तीच्या नावानं ओरडायला लागला.

माघी गणपतीच्या उत्सवाला पालीत आमचं नाटक ठरलं. काकीला बैलगाडीत गवत घालून नेलं आणि पुढच्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं. दिवेलागणीला नाटक उभं राहिलं. मी बत्त्या दोन्ही अंगांना खाली ठेवल्या होत्या, पुढची एकही नव्हती. पडदा उघडला... आणि काय सांगू तुम्हाला, चाचा म्हणाले होते ना की दुनिया मुकी होते? तशी झाली. हजारभर माणूस गप्प. निळ्या घळी, त्यांच्यावरून उतरत गेलेला पांढरा, मध्येच कडेला फिकट गुलाबी धार. पुढच्या रांगेतल्या एका माणसानं उपरणं खांद्यावर ओढून घेतलं. मग दुसऱ्यानं. बायांनी पदर आवळले. आमच्या सदाला, म्हणजे पार्वतीला, खरीखुरी शिंक आली आणि कुणी हसलं नाही. रहिमानचाचा हरबाचा शब्द राखायला पेणहून एवढे आले होते, ते उभे राहून बघत होते आणि पुटपुटत होते, "या अल्ला... या अल्ला." हरबा विंगेत माझा दंड धरून उभा होता. त्याची नखं रुतलेली मला अजून आठवतात. तो पडद्याकडे बघत नव्हता, लोकांकडेही नाही. तो काकीकडे बघत होता.

पहिला अंक पडल्याबरोबर तो तिच्याजवळ गेला, उकिडवा बसला. "आये, पाहिलास?" काकीचे डोळे पाण्यानं भरले होते, पण ते पाणी उजेडाचं होतं. ती डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "काय दिसत न्हाय रे पोरा. नुसती आग दिसतेय. डोल्यांत सुया टोचतात." मोतीबिंदूच्या डोळ्याला बत्तीचा झगझगाट म्हणजे उजेडाचा गोळाच. एवढी अक्कल आम्हा दोघांपैकी एकालाही आली नाही! दोन कारागीर, दोन शहाणे, वर्षभर उजेडाचा काथ्याकूट करणारे, आणि जिच्यासाठी केलं तिच्या डोळ्यांचा उजेड कसा असतो ते कुणी विचारलंच नाही. मी बत्त्या बारीक करतो म्हणालो, तर हरबानं नको म्हणून मान हलवली. पुढे सगळं नाटक व्हायचं होतं. उरलेल्या अंकांना लोकांनी डोक्यावर घेतलं, पालीच्या मंडळींनी हरबाला पागोटं बांधलं. तो पागोट्यासकट मागच्या बाजूला जाऊन जमिनीवर बसला आणि म्हणाला, "साऱ्या जगानं बघितला रे, बाळ्या. तिनं तेवढा नाही." आम्ही त्या दिवशी भांडलो नाही.

पहाटे परतीची तयारी सुरू झाली. दंव इतकं पडलं होतं की पडदा ओलसर झाला होता, आणि सरसाचा रंग ओला गुंडाळला तर एकमेकांना चिकटून सत्यानाश. म्हणून आम्ही तो मांडवाच्या बांबूंना पुन्हा बांधला, उघड्यावर, वाळायला. पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं, सूर्य वर यायला अवकाश होता. काकीला समोरच गाडीत बसवलं होतं. थंडी मी म्हणत होती, आणि ती आपली नुसत्या लुगड्यात, हात पोटाशी धरून. आम्ही दोऱ्या आवळत होतो. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, "हरी, ते निळं काय हाय?"

हरबाच्या हातातली दोरी सुटली. तो वळला. काकी मान पुढे काढून बघत होती. त्या मऊ, राखी उजेडात तिचे डोळे उघडे होते, नीट उघडे. हरबा गाडीजवळ गेला. "सावली, आये. बर्फावरची सावली." "सावली निळी असते तिथं?" "व्हय." ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सावली हाय म्हंजे तिथं ऊन बी येत असंल." हरबा म्हणाला, "येतं की आये. रोज येतं." तेवढ्यात सरसगडाच्या बाजूनं उजेड वाढला आणि पहिलं ऊन पडद्यावर आलं. रंगवताना बत्तीसाठी जमवलेली ती फिकट धार उन्हात अशी काही उजळली की सगळ्या कडा गुलाबी झाल्या, आणि खालच्या घळींतला निळा हळूहळू खाली सरकत विरायला लागला. हे हरबानं केलेलं नव्हतं, मीही नाही. ते उन्हानं केलं. काकी गाडीचा कठडा धरून उठून बसली. "मला वाटायचं, नुसता अंधार नि गारठा," ती म्हणाली. "ऊन येतं तिथं... उठला असंल आता माझा गणपत." आणि थोड्या वेळानं, आमच्याकडे न बघताच, "हरी, घोंगडं दे रे इकडं. थंडी वाजतेय मला."

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या वेळी त्यानं घोंगडं तिच्या अंगावर घातलं, कडा नीट खोचल्या आणि मांडवामागे जाऊन तोंडात उपरणं कोंबून रडला. मी दोऱ्याच बांधत राहिलो. दुसरं काय करणार?

तो पडदा पुन्हा कधी रंगभूमीवर गेला नाही. हरबानं मंडळींना दुसरा रंगवून दिला. त्याची कीर्ती म्हसळ्यापर्यंत गेली, जत्रांची माणसं येऊन "तो थंडीचा पडदा हवा" म्हणायची. पण पालीचा तो पडदा त्यानं घरी नेला आणि काकीच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला. भिंत लहान, पडदा मोठा, म्हणून दोन्ही कडा दुमडल्या. त्याच्यावर सही नाही. मी विचारलं, "काय रे, विसरलास?" तर म्हणाला, "त्यात माझं काय आहे?" हरबाच्या तोंडून असं वाक्य मी आयुष्यात एकदाच ऐकलं. मुंबईच्या एका नाटक कंपनीचे मालक मुद्दाम मोटार करून आले होते, विजेच्या दिव्यांत हा पडदा काय दिसेल म्हणाले. हरबानं त्यांना चहा पाजला, उकडीचे मोदक खाऊ घातले आणि वाटेला लावलं. "विजेला धीर नसतो," म्हणाला, "बटण दाबलं की उजाडतं. आमच्या बर्फावर हळूहळू उजाडतं."

त्या खोलीत मी कधी बत्ती लावली नाही. मी, ज्याच्या दुकानात दोन डझन बत्त्या टांगलेल्या. रोज पहाटे काकी खिडकी उघडायला लावायची, अंगभर घोंगडं घेऊन भिंतीसमोर बसायची, आणि ऊन बर्फावर आलं की म्हणायची, "उठला असंल आता." मग चहा. काकी गेली, तरी त्या घरातली चाल मोडली नाही. हरबा उठायचा, खिडकी उघडायचा, मूठ डोळ्याला लावून बघत बसायचा, आणि ऊन कडेवर आलं की आपल्या त्या बगळे उडवणाऱ्या आवाजात म्हणायचा, "उठला असेल आता!" शेजारच्या घरांतली माणसं त्यावर उठायची. शेवटच्या दुखण्यात आवाज बसला होता, तरी ओठ हलायचे म्हणे.

परवा मी गावी हरबाच्या घरी मुक्कामाला होतो. पहाटे जाग आली तर सुंदरवहिनी खिडकीशी उभ्या. त्यांनी खिडकी उघडली आणि भिंतीला टेकून बसल्या. मी जाऊन शेजारी बसलो. पडदा आता जुना झालाय, दुमडीवर रंग उडालाय, एका घळीत पावसाची ओल उतरलीय. पण पहाटेची राख तीच होती, निळाही तोच. पूर्वेकडून ऊन आलं, खिडकीच्या चौकटीवर थांबलं, मग भिंतीवर चढलं. मी मूठ डोळ्याला लावली. कडा गुलाबी झाल्या. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. आता कुणीतरी बोलायला हवं होतं.

"उठला असेल आता," मी म्हणालो.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.